नवीन घर बांधताय? हवेची वाट स्लॅब पडायच्या आधी ठरवा

घर बांधायला काढलं की सगळे टाइल्सवर बोलतात, मॉड्युलर किचनवर बोलतात, गेटच्या डिझाइनवर तर दोन-दोन तास बोलतात, पण हवा कुठून येणार आणि कुठून जाणार यावर कोणी बोलत नाही. आम्हीपण नाही बोललो. साताऱ्यात आमचं घर होऊन आता तिसरा पावसाळा, १२५० स्क्वेअर फूट, खाली हॉल-किचन आणि आईची खोली, वर दोन बेडरूम. पहिल्याच पावसाळ्यात गौरी यायच्या आदल्या आठवड्यात आईने कपाटातून लग्नातला शालू काढला तर घडीच्या रेषेवर पांढरी बुरशी आलेली. जुन्या घरात पस्तीस-चाळीस वर्षं तो शालू ट्रंकेत होता, कधी काही झालं नाही, आणि नवीन कोऱ्या घरात तीन महिन्यांत ही गत. आई काही बोलली नाही, बाहेर ऊन नव्हतं म्हणून पंख्याखाली खुर्चीवर पसरून बसली. मला ते फार लागलं. तेव्हापासून मी या विषयात घुसलो, दिसेल त्या मिस्त्रीला, आर्किटेक्टला, एसीवाल्याला विचारत सुटलो, स्वतःच्या घरात करून बघितलं, आणि जे कळलं ते इथे लिहितोय म्हणजे तुमचं काम विटांवर असतानाच तुम्हाला कळेल, आमच्यासारखं रंग झाल्यावर नको.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. सिलिंग फॅन हवा फिरवतो, स्प्लिट एसी हवा गार करतो, पण दोघंही तीच खोलीतली हवा वापरतात. एसीचं बाहेरचं युनिट बाहेर असतं म्हणून खूप लोकांना वाटतं की तो बाहेरची ताजी हवा आत आणतो, तसं नाहीये, त्या पाइपांमधून फक्त गॅस फिरतो. हवा बदलायची असेल तर तिला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते, आणि दोन्ही एकमेकींपासून लांब लागतात. मशीन कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

पायरी १ : प्लॉटवर वारा बघा

जोत्याचं काम सुरू व्हायच्या आधी प्लॉटवर एक उंच बांबू रोवा आणि त्याला जुन्या साडीची पट्टी बांधा. पंधरा दिवस सकाळी, दुपारी चारला आणि रात्री जेवण झाल्यावर जाऊन बघायचं पट्टी कुठल्या दिशेला उडतेय. पुस्तकी हिशोब सगळ्यांना माहीत असतो, पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून नाहीतर पश्चिमेकडून, उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा, थंडीत पूर्वेकडचा. पण शेजारी तीन मजली बिल्डिंग असेल तर तुमच्या प्लॉटवर वारा वळून येतो, आणि डोंगराच्या पायथ्याला घर असेल तर रात्री गार हवा डोंगरावरून खाली उतरते. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या बाजूने रात्री जी गार झुळूक येते ती नेमकी ज्या भिंतीवर येते तिथे आम्ही कपाटं लावून ठेवलीत. पंधरा दिवस पट्टी बघितली असती तर ती चूक झाली नसती.

वाऱ्याबरोबर वास पण बघा. शेजाऱ्यांचा पाणी तापवायचा बंब कुठे पेटतो, गोठा कुठे आहे, तुमच्या सेप्टिक टँकचा व्हेंट पाइप कुठे येणार. व्हेंट पाइप गच्चीच्या पॅरापेटच्या चांगला वर न्या, बेडरूमच्या खिडकीच्या उंचीला सोडू नका, प्लंबर पाइप वाचवायला नेमका तिथे सोडतात.

पायरी २ : खिडकी किती फुटांची आहे हे नाही, उघडते किती ते मोजा

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे सगळेच फसतात. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये इको निवास संहिता म्हणजे घरांसाठीची ऊर्जा बचतीची नियमावली काढली, ती तेव्हा ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटवरच्या घरांसाठी होती, पण त्यातले आकडे लहान घरालाही सरळ वापरता येतात. घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या मानाने (एकेका खोलीलाही तोच हिशोब लावून बघा) उघडणारा भाग किती पाहिजे, तर दमट हवामानाला म्हणजे कोकणासारख्या ठिकाणी सहावा हिस्सा, कोरड्या उष्ण हवामानाला दहावा, आणि मधल्या हवामानाला आठवा हिस्सा.

आता १० बाय १२ ची बेडरूम घ्या. १२० स्क्वेअर फूट. कोकणात असाल तर २० स्क्वेअर फूट उघडलं पाहिजे, मधल्या हवामानात असाल तर आठव्या हिश्श्याने १५. तुम्ही म्हणाल आमची ४ बाय ४ ची खिडकी आहे ना, १६ फूट झाले. पण ती स्लायडिंग आहे! दोन काचांची स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते म्हणजे ८ फूट. तीन ट्रॅकची, ज्यात दोन काचा आणि एक मच्छरजाळी असते, ती पण अर्धीच. तीच खिडकी जुन्या पद्धतीची, बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या झडपांची केली तर जवळजवळ ९० टक्के उघडते, म्हणजे १४ फुटांच्या वर. खिडकी तेवढीच, भोक तेवढंच, हवा पावणेदोन पट. स्लायडिंग दिसायला छान दिसते, पडदा लावायला सोपी आणि ग्रिलला नडत नाही हे सगळं खरं, पण ज्या खोलीला एकच बाहेरची भिंत आहे तिथे तरी झडपांची खिडकी करा असं मी हात जोडून सांगेन. बाहेर उघडणाऱ्या झडपेला ग्रिल आतून घ्यावं लागतं आणि झडप लावायला ग्रिलमधून हात जाईल एवढी जागा सोडावी लागते, हे फॅब्रिकेटरला आधीच सांगा.

त्यात मच्छरजाळी पण हवा अडवते, आणि धूळ बसली की अजून अडवते. जाळी लागणारच, डेंग्यूच्या दिवसात जाळीशिवाय राहता येत नाही, म्हणून खिडकी मूळ हिशोबापेक्षा थोडी मोठीच धरा आणि जाळी काढून धुता येईल अशीच घ्या.

एका खोलीला दोन खिडक्या असतील तर त्या वेगवेगळ्या भिंतींवर घ्या. एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी दोन खिडक्या म्हणजे जवळजवळ एकच खिडकी. दुसरी बाहेरची भिंतच नसेल तर खोलीच्या दारावर व्हेंटिलेटर ठेवा, म्हणजे दार बंद असतानाही हवा पॅसेजमधून पुढे जाईल.

पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या खिडक्यांना छज्जा निदान दोन फूट काढा, नाहीतर जोराचा पाऊस आला की खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. बंद ठेवावी लागणारी खिडकी कागदावर कितीही मोठी असली तरी तिचा उपयोग काय.

पायरी ३ : गरम हवेला वरून बाहेर काढा

गरम हवा वर जाते हे शाळेतलं, पण आपल्या आजच्या घरात ती वर जाऊन अडकते. खिडकीची वरची कड लिंटेलला, म्हणजे खिडकी-दारावरच्या आडव्या पट्टीला, ७ फुटांवर, स्लॅब १० फुटांवर, मधले तीन फूट गरम हवेचा थर तसाच लोंबकळत राहतो आणि मे महिन्यात रात्री स्लॅब उष्णता सोडतो ती पण त्यातच. जुन्या लोकांना हे बरोबर कळलेलं. कौलारू घरात हवा कौलांच्या फटींतून जायची, वाड्यात मधला चौक होता, माळवदाच्या म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात छताला सवणं, म्हणजे धुराचं भोक असायचं, चुलीचा धूर आणि उकाडा सरळ वर. स्लॅब आला आणि सवणं गेलं, त्याच्या जागी आपण काहीच दिलं नाही.

तर दोन गोष्टी करा. एक, प्रत्येक खोलीत स्लॅबच्या खाली, लिंटेलच्या वर एक छोटा व्हेंटिलेटर, दीड फूट बाय एक फूट असला तरी चालेल. बीम कुठे येतो ते आर्किटेक्टला विचारून त्याच्या खाली घ्या. आणि नंतर फॉल्स सीलिंग करताना तो झाकून टाकू नका, आमच्या ओळखीत एकांनी हौसेने व्हेंटिलेटर ठेवले आणि पीओपीवाल्याने सगळे बुजवले.

दुसरं, जिना. दुमजली घर असेल तर जिन्याचं हेडरूम, म्हणजे जिना गच्चीवर निघतो तिथली छोटी खोली, हा तुमचा फुकटचा एक्झॉस्ट आहे. हेडरूमच्या वरच्या भागात लूव्हर्स (तिरक्या पट्ट्यांची झडप) नाहीतर सिमेंटची जाळी ठेवा, आतून बारीक तारेची जाळी मारा नाहीतर पारवे घर करतात. लूव्हर्स पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या, कारण पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो आणि वारा त्या बाजूने आपटला की विरुद्ध बाजूने हवा आपोआप ओढली जाते. खालच्या मजल्यावरची एक खिडकी उघडी आणि वर हे लूव्हर्स, एवढ्यावर रात्रभर हवा चालते, एक पैसा वीज नाही. थंडीत नको वाटलं तर बंद करता येतील असे लूव्हर्स घ्या.

छतावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बघून लोक विचारतात ते घरावर लावू का. पत्र्याच्या शेडला ते उत्तम. आरसीसी घरात स्लॅबला भोक पाडून बसवलं तर पावसाळ्यात गळतीची एक कायमची जागा तयार होते, म्हणून मी नाही सांगणार. गच्चीवर पत्र्याची शेड केली असेल तर तिच्यावर खुशाल बसवा.

पायरी ४ : किचन

इथे मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण घरातली बाई दिवसातले चार-पाच तास इथे उभी असते आणि तिच्या छातीत जाणारा धूर हा घरातल्या कुठल्याही पाहुण्याला दिसत नाही. मिरचीचा ठसका लागला की आपण हसून खोकतो, पण तळणीचा धूर रोज थोडा-थोडा आत जातोय त्याचं काय.

आधी एक्झॉस्टचं माप. किचनची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, म्हणजे समजा १० बाय ९ बाय १०, झाले ९०० घनफूट. स्वयंपाक चालू असताना ही हवा तासाला साधारण १५ वेळा बदलली पाहिजे असं धरा, म्हणजे १३,५०० घनफूट तासाला. पंख्याच्या खोक्यावर बहुतेक वेळा घनमीटरमध्ये लिहिलेलं असतं, एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, भागून आले ३८० च्या आसपास. म्हणजे ३८० घनमीटर तासाला ओढेल असा पंखा घ्या, थोडा जास्तीचाच बघा, कारण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो आणि प्रत्यक्षात जाळी, शटर, तेलकट थर यात काही जातो. दुकानदार फक्त इंच सांगतो, ८ इंची देऊ का ९ इंची देऊ, तुम्ही खोक्यावरचा हवेचा आकडा वाचा.

पण माप बरोबर असूनही पंखा फुकट जाऊ शकतो, आमचा गेला. ओट्यासमोर खिडकी, आणि खिडकीच्या शेजारी दीड फुटावर वर एक्झॉस्ट, सगळ्यांच्या घरात असतो तसा. फोडणी दिली की ठसका हॉलमध्ये, पंखा गरगर चालू. एक दिवस मी अगरबत्ती पेटवली आणि शेगडीवर धरली. धूर सरळ वर गेला आणि मग हळूच मागे वळून हॉलकडे. तीच अगरबत्ती खिडकीच्या कडेला नेली तर धूर झपकन पंख्यात. म्हणजे पंखा खिडकीतून येणारी बाहेरची चांगली हवा ओढून परत बाहेर टाकत होता आणि कढईवरचा धूर जिथल्या तिथे. मग मी खिडकी बंद केली, मागचं जेवणाच्या टेबलाकडचं दार उघडलं, आणि परत शेगडीवर अगरबत्ती धरली. धूर आडवा होऊन पंख्याकडे गेला. बायको बघत होती, ती म्हणाली "अहो, म्हणजे दोन वर्षं आपण उगाच खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक करत होतो." तेव्हा नियम असा, एक्झॉस्ट शेगडीच्या वर किंवा जवळ, आणि हवा यायची वाट किचनच्या विरुद्ध बाजूला. पंखा लावलाय त्याच भिंतीवरची खिडकी स्वयंपाक करताना बंद.

आता चिमणी. चिमणी घ्यायचीच असेल तर डक्टवाली, म्हणजे पाइपाने धूर घराबाहेर टाकणारी घ्या. डक्ट नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास थोडा कमी करते आणि तीच गरम वाफ परत तुमच्या तोंडावर सोडते. बाकी सक्शनचे मोठमोठे आकडे ऐकून भुलू नका, खेळ डक्टचा आहे. डक्ट ६ इंची असेल तर शेवटपर्यंत ६ इंचीच राहू द्या, मध्ये ४ इंची करून दिला की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. वळणं जितकी कमी तितकं चांगलं, शक्यतो एकच. म्हणून चिमणी बाहेरच्या भिंतीवर येईल अशीच शेगडी ठेवा, हे ओटा टाकायच्या आधी ठरतं. भिंतीत वीटकाम चालू असतानाच पीव्हीसी पाइपचा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवून घ्या, नंतर कोअर कटिंगला, म्हणजे मशीनने गोल भोक पाडायला, पैसे पण जातात आणि टाइल्स पण उडतात. आणि काही झालं तरी बीमला भोक पाडू देऊ नका, इलेक्ट्रिशियन आणि चिमणीवाले घाईत विचारत नाहीत. बाहेरच्या तोंडाला जाळीचं टोपण लावा, साळुंक्या त्यात हमखास घरटं करतात. चिमणी शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंच उंचीवर, कंपनीच्या पुस्तिकेत जे दिलंय ते बघून.

चिमणी चालू असताना सगळं घर बंद असेल तर ती ओढणार कुठून? दार-खिडकी एक तरी चार बोटं उघडी पाहिजे.

गॅसचं पण लक्षात घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, वरच्या एक्झॉस्टने तो निघत नाही. म्हणून सिलिंडरच्या जागी खाली जाळीचं भोक हवं, किचनला बाल्कनी असेल तर सिलिंडर बाहेर. आणि गॅसचा वास आला तर एक्झॉस्टचं बटण दाबायचं नाही, कुठलंच बटण दाबायचं नाही, ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या हाताने उघडायच्या, घराबाहेर जायचं आणि बाहेरून १९०६ ला फोन करायचा. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांना सुद्धा, हे पाठ करून ठेवा.

पायरी ५ : बाथरूम

७ बाय ५ ची बाथरूम, उंची ९, म्हणजे ३१५ घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर ७०-७५ घनमीटरचा पंखा पुरतो, साधा ६ इंची भिंतीवरचा आरामात करतो. पंखा शॉवरच्या बाजूला वर, आणि दाराखाली पाऊण इंच फट किंवा दाराला खाली लूव्हर. ही फट नसेल तर पंखा नुसता घुमतो. तपासायला टॉयलेट पेपरचा एक तुकडा दाराच्या फटीपाशी धरा, आत ओढला गेला पाहिजे. आंघोळ झाल्यावर अजून पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा. ३०-३५ वॅटचा पंखा रोज दोन-तीन तास चालला तरी महिन्याला तीनेक युनिट, बिलाची भीती घालून घेऊ नका.

बाथरूम घराच्या मधोमध आली आणि हवा लांब पाइपमधून न्यायची असेल तर साधा पात्यांचा पंखा कामाचा नाही, तो पाइपमध्ये दाब देऊ शकत नाही. तिथे पाइपच्या मध्येच बसणारा इनलाइन डक्ट फॅन मागा. पंख्याला मागे पडणारं शटर पाहिजे म्हणजे बंद असताना वास, डास, पाऊस आत येणार नाही.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नका. छोट्या बंद बाथरूममध्ये गीझर जळताना ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला कळतसुद्धा नाही आणि तो खाली पडतो. आणि एक्झॉस्ट आहे ना मग चालेल असंही समजू नका, बंद खोलीत एक्झॉस्ट कधी कधी गीझरचीच जळकी हवा आत ओढतो. गीझर बाहेर मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा गच्चीत, आत फक्त गरम पाण्याचा नळ. याच्यावर मी कुणाशीच वाद घालायला तयार नाही.

पायरी ६ : बेडरूम, आणि मशीन घ्यायचं का हा प्रश्न

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. आम्ही छोटा मीटर आणून मुलांच्या खोलीत ठेवला, एसी, दार बंद, पडदे बंद, सकाळी आकडा दोन हजारांच्या वर. मुलं उठल्यावर डोकं जड म्हणून चिडचिड करायची, आम्हाला वाटायचं मोबाइलमुळे. आता दार चार बोटं उघडं आणि दारावरचा व्हेंटिलेटर उघडा ठेवतो, आकडा हजाराच्या आसपास राहतो, एसीला थोडा जास्त ताण पडतो ते आम्ही मान्य केलंय.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो. तो म्हणाला, दादा, हीट रिकव्हरीवालं व्हेंटिलेशन (एचआरव्ही) बसव, इथे नवीन घरात असतंच. त्या मशीनमध्ये आतली जुनी हवा बाहेर जाताना आपली उष्णता येणाऱ्या हवेला देते, हवा मिसळत नाही, उष्णता वाचते. त्याच्याकडे थंडीत बाहेर उणे पाच आणि आत वीस, २५ अंशांचा फरक, सगळं घर रबर लावून बंद, तिथे ते पाहिजेच. आपल्याकडे जानेवारीत रात्री बाहेर १३-१४ असतं आणि पांघरूण घेऊन खिडकी उघडी चालते, मे महिन्यात एसी लावला तरी फरक १२-१३ अंशांचा. वाचवायला तेवढी उष्णताच नाही. वर आपल्या खिडक्या एवढ्या घट्ट बसतच नाहीत की हवा फक्त मशीनमधूनच यावी.

तरी काही घरांना ते खरंच लागतं. हायवेला लागून घर, क्रशरची धूळ, घरात दमेकरी, किंवा वर्षातले आठ महिने एसीतच राहणारं कुटुंब. तिथे ईआरव्ही म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर घ्या, कारण त्यात उष्णतेबरोबर ओलावाही काही प्रमाणात अडतो, नुसतं एचआरव्ही दमट भागात बाहेरची ओल तशीच आत आणतं. किती क्षमतेचं घ्यायचं त्याला अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेच्या ६२.२ क्रमांकाच्या स्टँडर्डमधला हिशोब सोपा आहे, स्क्वेअर फूट गुणिले ०.०३, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून गुणिले साडेसात. आमचं १२५० फूट, तीन बेडरूम, म्हणजे ३७.५ अधिक ३०, झाले ६७.५ घनफूट मिनिटाला, घनमीटरमध्ये तासाला ११५ च्या आसपास. विकणारा याच्या तिप्पट सांगत असेल तर का ते विचारा. फिल्टर जिथून काढायचा तिथे शिडी न लावता हात पोचतो का ते पण बघा, फॉल्स सीलिंगमध्ये गाडलेला फिल्टर कुणीही साफ करत नाही. आणि एकाच खोलीचा प्रश्न असेल तर फिल्टरवाला छोटा फ्रेश एअर फॅन भिंतीत बसवून काम भागतं.

नागपूरकडच्या लोकांनी कूलर लावणार असाल तर त्याचा हिशोब घर बांधतानाच करा. कूलर हा बाहेरची हवा आत ढकलणारा आहे, म्हणून समोरच्या बाजूची खिडकी किंवा व्हेंटिलेटर उघडा पाहिजे, बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चिकचिक होते. माझ्या मामांकडे कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असतो आणि समोरच्या दारावरचा व्हेंटिलेटर उघडा, मे महिन्यात दुपारी तिथे झोप लागते. कोकणात कूलरच्या नादाला लागू नका, आधीच हवेत पाणी आहे.

पायरी ७ : पहिलं वर्ष आणि पावसाळा

नवीन घर ओलं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. वीटकाम, प्लास्टर, क्युरिंग, सगळ्यात किती टँकर पाणी घातलंय ते आठवा, ते पाणी भिंतीतून वर्षभर हळूहळू बाहेर येत राहतं. त्यात प्लायचा आणि रंगाचा उग्र वास, डोळे चुरचुरतात तो. वास्तुशांतीचा मुहूर्त घाईचा असेल तर पूजा करून घ्या पण राहायला जायच्या आधी महिनाभर तरी खिडक्या, व्हेंटिलेटर आणि कपाटांची दारं सुद्धा उघडी ठेवा, रोज कुणीतरी जाऊन उघडायचं आणि संध्याकाळी लावायचं. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला कपाट चिकटवू नका. आमचं शालूचं कपाट नैऋत्येच्या भिंतीला पाठ टेकवून होतं, आता ते आतल्या भिंतीला, मागे दोन इंच जागा सोडून, तेव्हापासून बुरशी नाही.

पावसाळ्यात मात्र खिडक्या उघडल्या की ओल जाते असं सरसकट नाही, हे नीट समजून घ्या. जुलैत बाहेरचीच आर्द्रता ९० च्या वर असते, सगळी घरं उघडी टाकली तर बाहेरची ओल आत येते. दापोलीला बहिणीकडे आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर भिंतीवर लावलाय, ती आकडा बघते, पाऊस थांबून ऊन पडलं आणि बाहेरचं कोरडं झालं की दोन तास सगळं उघडते, धो-धो चालू असला की झडपा लावून पंखे चालू. घरात आत आकडा ६० च्या खाली राहिला तर उत्तम, सलग आठवडाभर ७० च्या वर राहिला की बुरशी येणार समजा. घरातली स्वतःची वाफ मात्र कुठल्याही हवामानात बाहेरच काढायची, भात शिजतानाची, आंघोळीची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांची. कपडे पंख्याखाली हॉलमध्ये वाळवण्यापेक्षा एक छोटी ड्राय बाल्कनी किंवा बाथरूम ठरवा, दार लावून एक्झॉस्ट चालू करा. एवढं करूनही कपाटात वास येत असेल तर एसी ड्राय मोडवर तासभर, किंवा डिह्युमिडिफायर. देवघर बंद कोनाड्यात असेल तर त्याला पण वर एक जाळी ठेवा, धूप आणि अगरबत्तीचा धूर कमी नसतो.

ठेकेदाराचं शेवटचं बिल द्यायच्या आधी

सगळी दारं-खिडक्या बसल्या, रंग व्हायचाय, त्या दिवशी एक अगरबत्तीचा पुडा घेऊन साइटवर जा. एकेका खोलीत खिडकी उघडा, दार उघडा, मध्ये उभं राहून धूर कुठे जातो बघा. दोन मिनिटं धूर जागेवरच घुटमळला तर त्या खोलीला दुसरी वाट नाहीये, आत्ता व्हेंटिलेटर फोडता येतो, रंगानंतर जिवावर येतं. मग किचनचा पंखा लावून शेगडीच्या जागी, मग बाथरूमच्या दाराच्या फटीपाशी, मग जिन्यात सगळ्यात खालच्या पायरीवर. खालच्या पायरीवर धरलेला धूर जिन्याने वर चढायला लागला की हेडरूमचं काम बरोबर झालंय.

जाळ्या, एक्झॉस्टची पाती आणि चिमणीचे फिल्टर वर्षातून दोनदा तरी गरम पाण्यात सोडा टाकून धुवा. आम्ही पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आवराआवरीतच धरून टाकलंय, पंखे खाली काढून गच्चीत मांडायचे आणि पाणी टाकायच्या आधी मोटरला प्लास्टिकची पिशवी बांधायची.